पंचाहत्तर हजारांचा किल्ला

भाचीला कॅनडातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि तिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला फोटो टाकला तो चक्क एका किल्ल्याचा. दगडी भिंती, वर तटाला असतात तसे कंगोरे, मधोमध उंच बुरूज, भिंतींवर चढलेली वेल. बहिणीने लगेच विचारलं, "अगं, हे कॉलेज आहे की शूटिंगची जागा?" खरं तर दोन्ही. हॉलिवूडच्या कॅमेऱ्यांना ही वास्तू चांगली ओळखीची आहे.

भाऊजींनी मात्र रात्री जागून इंटरनेट पालथं घातलं आणि सकाळी मला फोन केला. "किल्ला बांधला एका कोळसावाल्याने. सरकारने तो घेतला पंचाहत्तर हजार डॉलरला. पन्नासहून जास्त वर्षं तिथे सैनिकी शिक्षण चाललं, मग बंद पडलं. आता चालवतं विद्यापीठ, मालक म्हणे संरक्षण खातं, आणि जमीन पुढे कोणाला द्यायची याची चर्चा वेगळीच. हा काय घोळ आहे?"

घोळ आहे खरा, पण सुटण्यासारखा आहे. या जागेची किंमत वेगवेगळ्या वेळी कोणी, कोणाला, किती दिली एवढं पाहत गेलं की बहुतेक गाठी सुटतात. जागेचं नाव हॅटली पार्क. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बेट आहे, बेटाच्या दक्षिण टोकाला व्हिक्टोरिया हे ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या राजधानीचं शहर, आणि त्याच्या जवळच कोलवूड गावात समुद्रकाठी ही सुमारे ५६५ एकरांची मालमत्ता.

रॉयल रोड्स म्हणजे राजरस्ते नव्हेत

विद्यापीठाचं नाव रॉयल रोड्स. 'राजमार्ग विद्यापीठ' असं भाषांतर करायचा मोह होतो, पण इथे रस्त्याचा काही संबंध नाही. जहाजवाल्यांच्या बोलीत 'रोड्स' म्हणजे बंदराच्या तोंडाबाहेरची अशी जागा, जिथे जहाजं नांगर टाकून वाट बघत थांबू शकतात. धक्क्यावर जागा मिळेपर्यंत मुंबईसमोर समुद्रात जहाजं उभी दिसतात, तसंच. हॅटली पार्कच्या समोरचं पाणी हे असं नांगर टाकायचं ठिकाण होतं, आणि शेजारीच एस्क्वायमाल्टचं नौदलाचं बंदर. हे शेजारपण लक्षात ठेवा, पुढे तेच कामी येणार आहे.

एवढा पैसा आला कुठून?

जमिनीखालून. स्कॉटलंडचा रॉबर्ट डन्समुइर १८५१ मध्ये या बेटावर आला तो खाणकामगार म्हणून. १८६९ मध्ये त्याला वेलिंग्टन इथे कोळशाचा जाड थर सापडला आणि त्याचं नशीब पालटलं. त्या काळी आगबोटी आणि आगगाड्या कोळशावर चालत. पॅसिफिक किनाऱ्यावर चांगला कोळसा हाती असणं म्हणजे आज तेलविहीर हाती असणं.

पुढे बेटावर रेल्वे बांधायचं कंत्राट त्याने घेतलं. त्याबद्दल सरकारकडून मिळाले साडेसात लाख डॉलर रोख आणि वर सुमारे वीस लाख एकर जमीन. आकडा चुकून वाचलेला नाही. बेटाचा जवळपास चौथा हिस्सा एका रेल्वेच्या बदल्यात इनाम दिला गेला. रॉबर्टने व्हिक्टोरियात स्वतःसाठी एक किल्लेवजा घर बांधायला घेतलं, पण ते पुरं व्हायच्या आत १८८९ मध्ये तो वारला.

त्याचा मुलगा जेम्स हा आपल्या गोष्टीचा नायक म्हणा किंवा खलनायक, जसं वाटेल तसं. १९०० ते १९०२ तो प्रांताचा मुख्यमंत्री होता आणि १९०६ ते १९०९ लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या राज्यपालासारख्या पदावर. तो मुख्यमंत्री असताना, १९०१ मध्ये, त्याच्याच कंपनीच्या कंबरलंडच्या खाणीत स्फोट होऊन ६४ माणसं मेली. तो लेफ्टनंट गव्हर्नर असताना, १९०९ मध्ये, एक्स्टेन्शन खाणीत ३२. पहिल्या अपघातात मेलेल्यांमध्ये चिनी आणि जपानी मजूर बरेच होते. कामगार संघटना म्हटलं की या घराण्याचं माथं भडके आणि आशियाई मजूर कमी पैशात मिळत, म्हणून ते हवे असत.

यातून एक चमत्कारिक प्रसंग घडला. १९०७ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने आशियाई लोकांना रोखणारा कायदा केला. जेम्सने त्याला मंजुरी दिली नाही, निर्णय केंद्रावर ढकलला. त्या सप्टेंबरात व्हँकुव्हरमध्ये गोऱ्या जमावाने मोर्चा काढला, जेम्स डन्समुइरचा पुतळा जाळला आणि मग चिनी व जपानी वस्त्यांवर चालून गेला. ज्याच्या खाणीत आशियाई माणसं मरत होती, तोच आशियाई लोकांचा कैवारी म्हणून जाळला गेला. त्याला माणुसकीचा उमाळा आला होता असं मला वाटत नाही. मजूर स्वस्तात हवे होते, एवढंच.

वाडा, अंगण, परस, शेत, रान

याच सुमारास जेम्सने हॅटली पार्कची जागा घेतली आणि सॅम्युअल मॅक्लूर या वास्तुरचनाकाराकडून १९०८ मध्ये घर बांधून घ्यायला सुरुवात केली. ऐसपैस चाळीस खोल्या, दोनशे फूट लांबी, ब्याऐंशी फूट उंच बुरूज. सगळे त्याला किल्ला म्हणतात, तरी त्यावरून तोफ कधी डागली गेली नाही, तटबंदीला वेढा कधी पडला नाही. इंग्लंडातल्या जुन्या सरदारांसारखं दिसावं अशी नवश्रीमंताची हौस होती ती. १९१० मध्ये जेम्सने खाणीही एक कोटी दहा लाख डॉलरला विकून टाकल्या आणि तो शिकार, मासेमारी, नौकाविहार यांत रमला.

मला मात्र किल्ल्यापेक्षा बागा जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्या आखल्या बोस्टनच्या ब्रेट आणि हॉल या उद्यानरचनाकारांनी. त्यांची पद्धत कोकणातल्या माणसाला एका वाक्यात कळेल: घराला लागून अंगण, मग परस, मग शेत, मग रान. भिंतीजवळ सगळं आखीवरेखीव, झुडपं कातरलेली, फुलं ओळीत. जसजसे लांब जाल तसतशी शिस्त सैल होत जाते. आधी खेळायच्या-फिरायच्या जागा, नंतर शेतं आणि गाईगुरं, आणि कडेला प्रचंड वृक्षांचं मूळचं जंगल. अंगणातच इटालियन धाटणीची बाग, गुलाबांची बाग, आणि थोडी उतारावर पाण्याच्या काठाने जपानी बाग.

जपानी बागेमागे इसाबुरो किशिदा हे नाव आहे. योकोहामाचा हा उद्यानकार १९०७ मध्ये मुलाच्या बोलावण्यावरून व्हिक्टोरियात आला. एस्क्वायमाल्टच्या गॉर्ज भागात जपानी कुटुंबांनी चालवलेल्या चहाबागेची आखणी त्याची. ती बघून तिथल्या श्रीमंतांना तशीच बाग आपल्याही दारी हवीशी झाली, आणि डन्समुइर त्यातलाच एक.

बागांत राबणारे हात मात्र बहुतेक चिनी होते. भरभराटीच्या काळात शंभराच्या आसपास माळी आणि गडी इथे होते आणि चिनी कामगारांची मालमत्तेवरच वेगळी वस्ती होती. त्या काळात कॅनडात पाऊल ठेवणाऱ्या चिनी माणसाला डोईपट्टी भरावी लागे, १९०३ पासून पाचशे डॉलर. मजुराची दीड-दोन वर्षांची कमाई त्यातच जाई. बायकामुलांना आणायचं म्हणजे पुन्हा माणशी तेवढेच. त्यामुळे वस्तीत पुरुषच पुरुष.

आणखी एक वास्तू होती, काचेचं वनस्पतीघर. थंड मुलखात उष्ण देशातली झाडं जगवायची तर काचेच्या घरात ऊब कोंडून ठेवावी लागते. सांगतात की त्यात हिंदुस्थानातून आणवलेली पांढरी ऑर्किड फुलवत आणि मधल्या घुमटाखाली केळीचं एक मोठं झाड होतं. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर परसात वाढणारी केळ तिथे घुमटाखाली मानाने उभी. या काचघराचा खर्च सांगितला जातो पंचाहत्तर हजार डॉलर.

हा आकडा तेवढा लक्षात असू द्या.

मग एवढा वाडा इतक्या स्वस्तात गेला कसा?

भाऊजींची पहिली शंका हीच होती: सरकारने दडपून घेतला असणार. तसं झालं नाही, आणि ज्याच्या गावाला चौसोपी वाडा आहे त्याला कारण सांगायची गरजही नाही.

वाड्याला दोन किमती असतात. एक बांधण्याची, दुसरी टिकवण्याची. बांधण्याची एकदाच द्यावी लागते, टिकवण्याची दर वर्षी. कौलं चाळायची, वाळवी बघायची, गडी पोसायचे. पोरं मुंबई-पुण्याला गेली की पाच वर्षांत गणित असं फिरतं की वाडा ही संपत्ती राहत नाही, देणं होतं. हॅटली पार्कचं तसंच झालं. धाकटा मुलगा, ज्याला घरात 'बॉय' म्हणत, १९१५ मध्ये युद्धावर जायला निघाला आणि जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या 'लुसिटानिया' बोटीबरोबर गेला. जेम्स १९२० मध्ये वारला. बायको लॉरा १९३७ पर्यंत तिथे राहिली. ती गेल्यावर घर राखणदाराच्या भरवशावर पडून राहिलं.

मंदीचं दशक नुकतंच सरलेलं, युद्ध सुरू झालेलं. अशा वेळी चाळीस खोल्यांचं, शंभर माळी लागणारं घर कोण घेणार? गिऱ्हाईक एकच असेल तर भाव गिऱ्हाईकच ठरवतं. १९४० च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या केंद्र सरकारने सगळी मालमत्ता, म्हणजे किल्ला, बागा, शेतं, जंगल, समुद्रकाठ, घेतली पंचाहत्तर हजार डॉलरला. काचघराच्या किमतीत. तिकडे लोक म्हणतात की एवढा खर्च नुसत्या कुंपणाला आला असेल.

सरकारला ती का हवी होती? एक गोष्ट अशी सांगतात की लंडन पडलंच तर राजा सहावा जॉर्ज आणि त्याच्या कुटुंबाला इथे आणायचा बेत होता. राजघराणं देश सोडून हललं नाही. नौदलाची निकड मात्र अगदी खरी होती.

नौदलाला वाडा कशाला?

युद्धाच्या सुरुवातीला कॅनडाच्या नौदलात राखीव धरून साडेतीन हजारांच्या आसपास माणसं होती. युद्ध संपेतो ती नव्वद हजारांच्या वर गेली. अटलांटिकमधून इंग्लंडला अन्न आणि दारूगोळा नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांना संरक्षण द्यायचं तर जहाजं हवीत. जहाजं कारखान्यात भराभर बांधता येतात, ती चालवणारे अधिकारी कारखान्यात घडत नाहीत. आणि अधिकारी घडवणारं कॅनडाचं स्वतःचं नौदल कॉलेज काटकसरीपायी १९२२ मध्येच बंद पडलेलं. दुष्काळ आल्यावर विहीर खणायला घ्यावी, तशी गत.

अशा वेळी एस्क्वायमाल्टच्या तळाशेजारी खोल्या, मुदपाकखाना, मैदानं आणि समुद्र असं सगळं तयार मिळत होतं. डिसेंबर १९४० पासून तिथे तरुण अधिकाऱ्यांचे थोड्या मुदतीचे अभ्यासक्रम सुरू झाले, आणि १९४२ मध्ये रीतसर नौदल कॉलेज.

त्याच १९४२ मध्ये किनाऱ्यावरच्या सुमारे बावीस हजार जपानी वंशाच्या लोकांना, त्यातले बहुतेक कॅनडाचेच नागरिक, घरादारातून उचलून आतल्या मुलखातल्या छावण्यांत नेलं. गॉर्जच्या चहाबागेचे चालकही त्यात गेले आणि मागे ती बाग लोकांनी लुटून उद्ध्वस्त केली. किशिदाची हॅटली पार्कमधली बाग वाचली. तिचा मालक आता जपानशी लढणारं नौदल होतं, म्हणून तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

युद्धानंतर इतकं मोठं नौदल उरलं नाही आणि एकट्या नौदलाला कॉलेज परवडेना. १९४७ मध्ये हवाई दल सोबत आलं, १९४८ मध्ये भूदलही. तिन्ही दलांची पोरं एकाच छताखाली. आपल्याकडे हीच कल्पना जानेवारी १९४९ मध्ये डेहराडूनला सुरू झाली आणि १९५५ मध्ये खडकवासल्याला एनडीए म्हणून स्थिरावली. तीन दलांची जगातली पहिली प्रबोधिनी आमचीच, असं आपण पुण्यात अभिमानाने सांगतो. रॉयल रोड्सचं १९४८ साल पाहिलं की हा दावा जरा जपून करावा असं वाटतं. एनडीएचा पसारा कितीतरी मोठा, हे मात्र खरंच.

पुष्कळ वर्षं इथे दोन वर्षं शिकायचं आणि पदवीसाठी किंग्स्टनच्या मोठ्या सैनिकी कॉलेजात जायचं, अशी रीत होती. अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड याच वाटेने गेला. स्वतः पदवी द्यायचा अधिकार १९७५ मध्ये मिळाला. मुली आल्या १९८४ मध्ये.

आणि बागा? सैन्याने वाडा नासवला असेल, ही भाऊजींची दुसरी शंका. काही बाबतीत झालं तसं. वर्ग आणि वसतिगृहांसाठी नव्या इमारती उठल्या, त्या वाड्याशेजारी ठोकळ्यासारख्या दिसतात. पण उलटाही विचार करून बघा. १९४० मध्ये ही जागा एखाद्या बिल्डरच्या हाती गेली असती तर आज तिथे तुकडे पाडलेले भूखंड असते. सैन्य जमीन घेतं, कुंपण घालतं आणि सहसा विकत नाही. पुण्यात लष्कराच्या हद्दीत शिरल्याबरोबर झाडं दाट का होतात, हे ज्याने पाहिलंय त्याला हे पटेल.

चांगलं चाललेलं कॉलेज बंद का केलं?

शीतयुद्ध संपलं होतं आणि कॅनडाच्या तिजोरीत मोठं भगदाड पडलं होतं. तेव्हा देशात तीन सैनिकी कॉलेजं होती: किंग्स्टन, क्युबेकमधलं सेंट-जीन आणि रॉयल रोड्स. फेब्रुवारी १९९४ च्या अर्थसंकल्पात शेवटची दोन बंद करायचं जाहीर झालं. सेंट-जीन फ्रेंच भाषकांचं असल्याने तिथली ओरड देशभर ऐकू गेली आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलंही. रॉयल रोड्सच्या बाजूने भाषेचं असं हुकमी पान नव्हतं. १९९५ मध्ये ते मिटलं.

त्याच वर्षी प्रांत सरकारने कायदा करून त्याच जागी रॉयल रोड्स विद्यापीठ काढलं आणि त्याच वर्षी हॅटली पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. विद्यापीठ प्रांताचं, जमीन केंद्राच्या संरक्षण खात्याची. नाममात्र भाडं, लांब मुदतीचा पट्टा. ऐकायला फुकट वाटतं, पण पट्ट्याबरोबर शंभर वर्षांचा दगडी वाडा आणि तीन बागाही पदरात येतात. जो खर्च डन्समुइरच्या वारसांना पेलला नाही तो आता विद्यापीठाच्या माथी आहे. भाचीच्या फीमधले काही डॉलर गुलाबांना जात असणार.

आणि सातबारा कोणाच्या नावावर?

२०१६ मध्ये संरक्षण खात्याने सांगितलं की ही जमीन आता आमच्या गरजेची नाही. सरकारी भाषेत 'सरप्लस'. पण सरप्लस म्हणजे उद्या लिलाव, असं तिथे होत नाही. आपल्या भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीसारखं समजा, ताब्यात असली तरी मनाला येईल तशी विकता येत नाही. इतर सरकारी खात्यांना विचारावं लागतं, आणि त्या मुलखातल्या मूळ रहिवासी समाजांशी सल्लामसलत करावीच लागते. त्यांच्या हक्कांना धक्का लागू शकेल असा निर्णय घेण्याआधी सरकारने त्यांच्याशी बोललंच पाहिजे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं.

"एका कोळसावाल्याकडून सरकारने पैसे मोजून घेतली, मग मूळ रहिवाशांचा प्रश्न येतो कुठून?" ही भाऊजींची तिसरी शंका, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. सातबाऱ्यावर शेवटचं नाव तेवढं बघून चालत नाही, फेरफार मागे मागे उलगडत जावे लागतात.

मागे गेलं की आपण २९ एप्रिल १८५० ला पोचतो. त्या दिवशी हडसन्स बे या इंग्रज व्यापारी कंपनीच्या जेम्स डग्लसने टीचमित्सा या मूळ रहिवासी समाजाच्या प्रमुखांकडून एस्क्वायमाल्ट बंदर ते अल्बर्ट हेड या टोकापर्यंतची आणि तिथून मागे डोंगरापर्यंतची जमीन लिहून घेतली. हॅटली पार्क बरोबर त्यात बसतं. किंमत: सत्तावीस पौंड दहा शिलिंग. प्रमुखांनी खुणा केल्या तेव्हा कागद कोरा होता. करारात काय लिहायचं तो मजकूर नंतर लंडनहून आला आणि वर भरला गेला. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर आजोबांचा अंगठा घेतल्याची गोष्ट आपल्याकडे ज्या घरांत सांगतात, त्यांना याहून जास्त समजवायला नको.

त्या मजकुरात दोन गोष्टी मात्र राहिल्या: गावं आणि लागवडीची शेतं त्यांचीच राहतील, आणि ओसाड जमिनीवर शिकार व पूर्वीसारखी मासेमारी करायला ते मोकळे असतील. टीचमित्सांचे वंशज आज एस्क्वायमाल्ट समाजात आहेत, शेजारी सॉन्गीज हा दुसरा मूळ रहिवासी समाज. सल्लामसलतीच्या टेबलावर हे लोक बसतात ते या कागदाच्या आणि त्याही आधीच्या वहिवाटीच्या जोरावर. कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

मग किल्ला पाडणार का, विद्यापीठ उठणार का? ऐतिहासिक दर्जा आणि पट्टा या दोन्ही गोष्टी मालक बदलला म्हणून आपोआप पुसल्या जात नाहीत. कोलवूडच्या लोकांची खरी धास्ती जंगलाची आहे. आजूबाजूला भराभर इमारती उठत असताना समुद्राला लागून एवढं जुनं रान उभं आहे, ते राहील की त्यावरही भूखंडांच्या रेघा पडतील?

भाऊजींना हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी थोडा वेळ घेतला आणि विचारलं, "सत्तावीस पौंड म्हणजे तेव्हा किती रुपये?" तोवर भाचीचा पुढचा फोटो आला होता. जपानी बागेतलं तळं, काठावर तिची मैत्रीण डबा उघडून बसलेली. खाली तिने लिहिलं होतं: इथे केळीचं झाड कुठेच दिसत नाही, मामा, नक्की होतं ना?